शास्त्रात कुठं आहे?

आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या बैठकीत हमखास ऐकू येणारं एक वाक्य आहे : "हे शास्त्रात कुठं आहे, दाखवा." शास्त्र म्हणजे बायबल. मांडव घालावा का, कबरीवर फुलं ठेवावीत का, उपासनेत टाळ वाजवावेत का, कुठल्याही विषयावर हे वाक्य टाकता येतं. टाकलं की समोरचा गप्प बसतो. मी मूळची नगरकडची. लग्न होऊन जयसिंगपूरला आले, शाळेत मराठी शिकवलं, निवृत्त झाले. आधी महिला मंडळात आणि पुढे कमिटीत बसून हे वाक्य इतक्या वेळा ऐकलं की आता त्याच्या मागचा माणूस मला आधी दिसतो, वाक्य नंतर ऐकू येतं.

जयसिंगपूर हे गावच पट्टीनं आखलेलं. १९१७ साली शाहू महाराजांनी आपले जन्मदाते वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावानं वसवलं. गल्ल्यांना आकडे, रस्ते सरळ. ख्रिस्ती घरं थोडी. त्यांतल्या पुष्कळांचा धागा मागं नेला तर तो मिरजेच्या दवाखान्यात नाहीतर कोल्हापूरच्या मिशनमध्ये निघतो. कुणाची आजी नर्स, कुणाचे आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ साली कोल्हापुरात आले, डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय उभं केलं. म्हणजे आमच्या घरांत शास्त्रही आलं आणि ते आणणाऱ्या माणसांच्या रीतीही आल्या. दोन्ही एकाच पेटीतून. वेगळं करायचं काम आमच्यावर राहिलं. ते करताना जे उमगलं ते असं.

१. हळदीला विचारतात, केकला विचारत नाहीत.

माझ्या पुतणीच्या लग्नात कमिटीतल्या एका बंधूंनी हरकत घेतली. हळद, मुंडावळ्या, मेंदी, यातलं काही शास्त्रात नाही. खरंच नाही. पण त्याच लग्नात पांढरा झगा होता, तीन मजली केक होता, अंगठ्या होत्या, नवरीच्या हातात फुलांचा गुच्छ होता, आणि त्यांपैकी लग्नविधी म्हणून एकही गोष्ट शास्त्रात सांगितलेली नाही. व्हिक्टोरिया राणीनं १८४० साली लग्नात पांढरा पोशाख घातला आणि पुढं ती फॅशन झाली. लग्न पाळकासमोरच लागलं पाहिजे ही अट रोमन चर्चनं सक्तीची केली ती १५६३ साली, ट्रेंटच्या परिषदेत. काना गावच्या लग्नात येशू पाहुणा होता, लग्न लावायला गेलेला नव्हता.

आगबोटीतून आलेली रीत पवित्र आणि शेतातून आलेली रीत मूर्तिपूजक, हा हिशेब जुना आहे. गोव्यात इन्क्विझिशन या चर्चच्या धर्मन्यायालयानं १७३६ साली जाहीरनामाच काढला होता. ख्रिस्ती झालेल्या घरांनी लग्नात हळद लावायची नाही, विडे वाटायचे नाहीत, देशी वाद्यं वाजवायची नाहीत. इन्क्विझिशन १८१२ साली कायमचं बंद झालं. नवरा-नवरीला नारळाच्या रसानं न्हाऊ घालायची 'रोस'ची चाल मात्र गोव्यात आणि मंगळूरकडे आजही धूमधडाक्यात चालते.

इथून जवळच सांगलीच्या बाजारात हळदीचे सौदे निघतात, देशभर माल जातो. रोजच्या आमटीत ती चालते. अंगाला लागली की धर्म बाटतो? त्या बंधूंना मी एवढंच विचारलं. हळद झाली. पाट मांडला, आधी प्रार्थना केली, मग वाटीत बोट बुडवलं. एक रीत मात्र आम्ही त्या दिवशी मोडली. विधवेनं हळदीला हात लावायचा नाही म्हणून माझी थोरली जाऊ भिंतीकडेला उभी होती. तिला हाताला धरून पुढं आणलं आणि पहिलं बोट तिचंच लावलं. दोन म्हाताऱ्या कुजबुजल्या. कुजबुजू देत. हळद कुणाला दुखवत नव्हती. जाऊबाईंना भिंतीकडेला उभं करणं दुखवत होतं. कुठली रीत ठेवायची आणि कुठली टाकायची हे मी तेव्हापासून असंच ठरवते.

२. नाताळावर भांडणाऱ्यांनी आधी आपलंच घर तपासावं.

आमच्याकडे दर डिसेंबरला कुणीतरी तरुण मोबाईलवर व्हिडिओ बघून येतो आणि सांगतो की २५ डिसेंबर बायबलात नाही. नाहीच. येशूच्या जन्माची तारीख चारही शुभवर्तमानांत कुठंही नाही. २५ डिसेंबर पहिल्यांदा दिसतो तो ३५४ साली तयार झालेल्या एका रोमन दिनदर्शिकेत. यात शोध लावल्यासारखं काही नाही. कोल्हापूरचं मिशन पुढं ज्या प्रेस्बिटेरियन पंथाकडे गेलं, त्याच्या मूळ देशात, स्कॉटलंडमध्ये, चर्चनं शेकडो वर्षं नाताळ पाळलाच नाही. तिथं त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी मिळाली १९५८ साली. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या कडव्या प्युरिटनांनी १६५९ साली नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठेवला होता, तो १६८१ साली रद्द झाला. म्हणजे आपल्याला शास्त्र पोचवणाऱ्यांच्या पणजोबांना नाताळ पटत नव्हता, आणि आपण त्यांच्या नावानं चांदणी टांगतो.

टांगावी. पौलानं रोमकरांना लिहिलेल्या पत्रात हा वाद मिटवून ठेवलाय : कुणी एक दिवस विशेष मानतो, कुणी सगळे दिवस सारखे मानतो; ज्यानं त्यानं आपल्या मनाची खात्री करावी. मला डाचतं ते दुसरंच. गल्लीत कर्ज काढून मुलांना नवे कपडे घेणारी घरं आहेत, कारण नाताळला जुन्या कपड्यांत देवळात आलेल्या मुलाकडं आपण कसं बघतो ते त्या आयांना ठाऊक आहे.

३. बाळ येशूला भेटायला आलेले मागी लोक तीनच होते असं मत्तयानं लिहिलेलं नाही. तीन आहेत त्या भेटी. आणि ते गोठ्यात नव्हे, घरात आले होते. तरी संडे स्कूलच्या नाटकात तीनच मुकुट शिवा. जास्त शिवले तर पालक भांडतात.

४. उसनी आणलेली रीतही आपल्या मातीत रुजते.

पिकं हाती आली की आमच्याकडे हंगामाचा सण असतो. आम्ही सरळ 'हार्वेस्ट' म्हणतो. जुन्या करारात पहिल्या पिकाचं अर्पण आहे, पण आपण करतो तो देवळातला सण इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधला. रॉबर्ट हॉकर नावाच्या पाळकानं १८४३ साली मॉरवेन्स्टोच्या चर्चमध्ये तो सुरू केला. तिथं गव्हाच्या पेंढ्या. इथं काय येतं ते बघा : दाराशी उसाच्या मोळ्या, कृष्णाकाठची वांगी, भुईमुगाच्या शेंगा, शाळूची कणसं, पाय बांधलेली एक संतापलेली कोंबडी, कुणाच्या परड्यातला भोपळा. उपासना संपली की लिलाव. भाव ऐकून बाजारातला व्यापारी बेशुद्ध पडेल. एका लिंबाला शंभर रुपये, आणि घेणारा ते लिंबू परत लिलावात टाकतो.

या लिलावात मला एक गोष्ट खुपायची. तंबाखूच्या वखारीत निवड करायला जाणाऱ्या एक मावशी दरवर्षी पदरात बांधून अंडी आणायच्या. ती अंडी कुणीतरी मोठ्या आवाजात मोठ्या रकमेला घ्यायचा, माईकवर त्याचं नाव पुकारलं जायचं, टाळ्या पडायच्या. अंडी कुणाची हे कुणी बोलायचं नाही. मंदिराच्या पेटीत दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेची गोष्ट आपण दरवर्षी संदेशात ऐकतो. लिलावात मात्र श्रीमंताची पावती वाचतो. खूप चर्चेनंतर ठरलं की माईकवर नावं पुकारायची नाहीत, फक्त वस्तू आणि आकडा. बोली जरा घसरली. कोषाध्यक्ष अजून कुरकुरतात.

५. प्रभुभोजनात काय प्यायलं यापेक्षा कोण आधी जेवलं हे पौलाला महत्त्वाचं वाटलं.

आमच्याकडे प्रभुभोजनाचा रस महिला मंडळ करतं. तासगावकडच्या काळ्या मनुका रात्री भिजत घालायच्या, सकाळी त्याच पाण्यात मंद आचेवर शिजवायच्या, निवल्या की हातानं कुस्करून मलमलीतून गाळायच्या. साखर अजिबात घालायची नाही. घातली की पेले चिकट होतात आणि मंडळीच्या आधी मुंग्याच सहभागिता घेतात. पेले बोटभर उंचीचे, काचेचे. धुवून उपडे घालायला दुपार जाते, आणि ते धुवायला कमिटीतला एकही पुरुष कधी थांबलेला नाही. हेही शास्त्रात कुठं नाही, पण त्यावर बैठक बसलेली मला आठवत नाही.

बैठक बसली ती द्राक्षारस आंबलेला हवा की गोड यावर. येशूनं शेवटच्या भोजनात घेतला तो खरा द्राक्षारस होता हे उघड आहे. न आंबलेला रस टिकवायची युक्ती थॉमस वेल्च या अमेरिकन मेथडिस्ट दंतवैद्याची, १८६९ सालची. त्याला दारूबंदीवाल्या चर्चांसाठी रस हवा होता. वेगवेगळे छोटे पेलेही अमेरिकेतलेच, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जंतूंची भीती पसरली तेव्हाचे. दोन्ही माणसांनी केलं आणि दोन्ही चांगलं केलं. आमच्या भागात दारूनं बसवलेली घरं पाहिल्यावर मनुकांचा रसच बरा, असं माझं ठाम मत आहे.

करिंथकरांवर पौल चिडला होता तो मात्र वेगळ्याच कारणानं. पैसेवाले आधी येऊन खाऊन-पिऊन मोकळे व्हायचे आणि कामावरून उशिरा येणारे गरीब उपाशी राहायचे. ते पत्र आम्ही प्रत्येक प्रभुभोजनाला वाचतो, पण तो भाग सोडून, त्याच्या खालच्या ओळीपासून.

६. तेल शास्त्रात आहे. बाटली नाही.

याकोबाच्या पत्रात लिहिलंय की कुणी आजारी असेल तर मंडळीच्या वडिलांना, म्हणजे ज्येष्ठांना, बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी. म्हणजे वडिलांनी उठून घरी जायचं. आता उलटं झालंय. माणसं बस करून शिबिराला जातात आणि लेबल लावलेली बाटली विकत आणतात. आमच्या मागच्या गल्लीतल्या एक काकू अशा एका सभेला गेल्या. गोळी घेणं म्हणजे अविश्वास, असं तिथं कुणीतरी सांगितलं. त्यांनी रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्या आणि रोज कपाळाला तेल लावलं. काही आठवड्यांत डावी बाजू गेली. सांगणारा परत फिरकला नाही. त्याचा फोन लागत नाही.

ज्या मिशननं आम्हाला प्रार्थना शिकवली त्यानंच मिरजेत शस्त्रक्रियेचं टेबल मांडलं. वॉनलेस डॉक्टर ख्रिस्ताचं नाव घेऊनच चाकू हातात घ्यायचे, हे तेल विकणाऱ्यांना कुणीतरी सांगायला हवं. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि तो सगळ्या धर्मांना सारखाच लागू आहे. 'आपला माणूस आहे, बाहेर बोभाटा नको' म्हणून आपण गप्प बसतो, त्यावर ही दुकानं चालतात. इतर रीतींबद्दल मी समजुतीनं घेते. इथं नाही.

७. दशमांश हा इस्राएलाला, लेव्यांच्या आणि गरिबांच्या पोटापाण्यासाठी दिलेला नियम. नव्या करारात मंडळीसाठी टक्केवारी ठरवलेली नाही. मनात ठरवाल तेवढं, आणि आनंदानं, असं पौल म्हणतो. वखारीत राबणाऱ्या बाईच्या रोजंदारीवर दहा टक्क्यांची पावती फाडून तिला 'देवाला लुटू नका' हे मलाखीचं वाक्य ऐकवणाऱ्यानं आधी स्वतःचा हिशेब फळ्यावर लिहावा.

८. टाळ शास्त्रात आहे, कीबोर्ड नाही.

नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि मराठी ख्रिस्ती माणसाला त्याच्या ओव्या-अभंगांचा सूर परत दिला. तोवर आम्ही बहुतेक भाषांतरित गीतं विलायती चालींवर ओढत होतो. त्यांच्याही आधी, १६१६ साली, फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'ख्रिस्तपुराण' ओवीत छापलं गेलं होतं. टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' सुरू केला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. जयसिंगपूर वसलं तेच साल. आज आमची तरुण मंडळी टाळ-मृदंग बघितला की 'वारकरी झालात काय' म्हणून हसतात आणि ड्रमसेटसाठी वर्गणी मागतात. स्तोत्र १५० काढून बघा, झांजा आहेत. ड्रमसेटला माझी ना नाही. भजनाला सुट्टी द्यायला आहे.

९. देऊळ म्हणजे भिंती नव्हेत, हे २०१९ च्या महापुरानं शिकवलं.

कृष्णा-पंचगंगेचं पाणी शिरोळ तालुक्यात घुसलं तेव्हा गावंच्या गावं उंचावरच्या जयसिंगपुरात आली. आमच्या सभागृहातही माणसं उतरली. लहान मुलं, गाठोडी, एक शेळी. ओली लुगडी बाकांवर वाळत घातलेली, आणि वेदीपुढच्या गालिच्यावर एक बाळंतीण. चप्पल घालून पायरी चढलं तरी ओरडणारे एक वृद्ध काका पहिल्या दिवशी दारात उभे राहून बघत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच चुलीसाठी विटा आणल्या. पहिल्या शतकातली मंडळी प्रिस्किल्ला आणि अक्विला यांच्या घरात जमायची. तिथंही असाच पसारा असणार.

१०. नव्या वर्षाच्या रात्री वचनाच्या चिठ्ठ्या काढायची पद्धत मला आवडते, पोरं रांग लावतात. पण 'पश्चात्ताप करा' अशी चिठ्ठी कुणाला निघालेली मी पाहिली नाही. चिठ्ठ्या करणारा ती घालतच नाही.

११. शास्त्रात आहे ते सगळं तरी कुठं करतो?

पवित्र चुंबनानं एकमेकांना भेटा, असं नव्या करारात पाच ठिकाणी सांगितलंय. आमच्या देवळात कुणी ते मनावर घेतलं तर पोलीस बोलवावे लागतील. आम्ही 'सलाम' म्हणतो, नव्या पिढीचे 'प्रेझ द लॉर्ड' म्हणतात, आणि आज्ञेचा हेतू पुरा होतो. एकमेकांचे पाय धुवा असंही सांगितलंय. ते वर्षातून एकदा, तेही घरून स्वच्छ धुवून आणलेले पाय. त्यामुळं 'शास्त्रात नाही' हे कारण जितकं भरभक्कम वाटतं तितकं ते नसतं. आपण सगळेच निवडतो. कशासाठी निवडतो ते बोलायला हवं.

१२. जी रीत शास्त्राच्या सरळ विरोधात आहे तिच्यावर बैठक कधी बसत नाही.

"स्थळ चांगलं आहे. पण आपल्यातलं आहे का?"

हे वाक्य मी प्रार्थनेला नियमित येणाऱ्या, उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत बायबल तोंडपाठ असलेल्या घरांत ऐकलंय. आपल्यातलं म्हणजे ख्रिस्ती, असा त्याचा अर्थ नसतो. पणजोबा ज्या वस्तीतून, ज्या जातीतून आले त्यातलं. आमच्याच मंडळीत एकाच संडे स्कूलमध्ये वाढलेली दोन मुलं होती. दोघांचा दृढीकरणाचा रविवारही एकच. लग्न ठरवायचं म्हटल्यावर दोन्ही घरांना तीन पिढ्यांपूर्वीची जात आठवली. त्यांनी शेवटी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. त्या वेळी कमिटीतल्या एकानंही शास्त्र मागितलं नाही. मागितलं असतं तर पौलाचं गलतीकरांस पत्र काढून वाचावं लागलं असतं : ख्रिस्तात यहुदी नाही, हेल्लेणी नाही, दास नाही, स्वतंत्र नाही.

कागदावरच्या जातीचा प्रश्न वेगळा आहे. १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशानं ख्रिस्ती झालेल्या दलिताची सवलत गेली, त्यामुळं पुष्कळांच्या दाखल्यावर एक आणि देवळाच्या रजिस्टरमध्ये दुसरं असतं. त्या नाइलाजाला मी नावं ठेवत नाही. मी बोलतेय ते स्वयंपाकघरातल्या आणि सोयरिकीतल्या जातीबद्दल. नारायण टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'त आपलं सोवळं कसं सुटलं ते लिहून ठेवलंय, काही झाकलं नाही. त्या ब्राह्मणाच्या घरातून आल्या होत्या आणि त्यांना ते सोडायला वेळ लागला. आपल्यातली बहुतेक घरं तर ज्यांना सोवळ्याचा मार बसला त्यांची. मार खाल्लेल्यांनी पुन्हा आपसांत पायऱ्या मांडाव्यात याला काय म्हणायचं?

आणि हे कुठल्या गावात? ज्या राजानं हे गाव वसवलं त्यानं आपल्या संस्थानात आंतरजातीय लग्नाला कायद्यानं मान्यता दिली. त्याच्याच राज्यात १९२० साली माणगावची परिषद झाली, तिथं शाहू महाराजांनी बाबासाहेब आंबेडकरांना दलितांचे पुढारी म्हणून पुढं केलं. माणगाव इथून लांब नाही.

आमच्या महिला मंडळाकडे ख्रिस्ती वधू-वर मेळाव्याचे अर्ज भरून घ्यायचं काम असतं. त्यात 'पूर्वीची जात' अशी एक ओळ होती. ती आम्ही छापायची बंद केली. दोन-चार घरांनी अर्ज परत नेले, तेवढंच. तुमच्या मंडळीच्या अर्जावर ती ओळ अजून असेल, तर पुढची छपाई होण्याआधी काढून टाका.